एकशे शहाऐंशी जणांना फोन

मंगळवार, ३

गेलं! सगळं गेलं! सकाळी ‘सावकाश’ हा आमचा ऑनलाइन गट उघडायला गेले तर पांढरं पान आणि त्यावर कंपनीची एक ओळ – सेवा बंद, सहकार्याबद्दल आभार. कसलं सहकार्य? महिनाअखेरीस बंद करू म्हणाले होते. तीन तारखेलाच गाशा गुंडाळला!

चार वर्षं. एकशे शहाऐंशी माणसं, सगळी माझ्यासारखी, बोलताना अडखळणारी. दर बुधवारी संध्याकाळी आवाजाची बैठक. नियम एकच – दुसऱ्याचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही. कितीही वेळ लागो, थांबायचं. जगात मी फक्त तिथेच वाक्याच्या शेवटापर्यंत पोचते. उद्या बुधवार. आता कुठे जाऊ?

दादा म्हणाला, “एक गेला तर दुसरा गट काढ. त्यात काय एवढं!” त्याला काय! चष्म्याच्या दुकानात तो पुढे, मी मागे. तो गिऱ्हाइकांशी बोलतो, मी काचा घासते. मी तोंड उघडलं की वाक्य तोच संपवतो. मायेनंच, पण संपवतो. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही – आमच्या दुकानाचा कारभारच असा.

बुधवार, ४

डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक दारात धडकलं. दादा रागावलासुद्धा नाही, म्हणजे फारच वाईट दिसत असणार मी.

शुक्रवार, ६

वाट आहे! आहे, आहे! आमच्यातले निवृत्त न्यायाधीश गप्प बसणारे नव्हेतच. एका वाचनालयाच्या बाई त्यांच्या संकेतस्थळावर आम्हाला खोली द्यायला तयार आहेत. अट एकच. पंचवीस तारखेपर्यंत शंभर जण आले पाहिजेत. नाहीतर खोली विणकामवाल्यांच्या गटाला.

विणकामवाल्यांना! आम्ही असताना!

आणि नंबर आहेत माझ्याकडे. नवा सभासद आला की त्याचा नंबर मी वहीत उतरवून घ्यायचे. ‘कॉम्प्युटरच्या जमान्यात वही?’ म्हणून वहिनी हसायची. हस म्हणावं आता! दुपारभर बसून सगळ्यांना मेसेज पाठवले, लिंकसकट. काचा तशाच पडल्यात.

शनिवार, ७

हात दाखवून अवलक्षण. नऊ जण आले. नऊ! बाकीच्यांनी मला चोर ठरवलं. अनोळखी लिंक उघडू नका, हे हल्ली प्रत्येकाला पाठ. आमच्या खाटीककाकांचं उत्तर – ‘ताई, माझ्या खात्यात काहीच नाही, उगाच मेहनत घेऊ नका.’

न्यायाधीशांनी लिहिलंय – ‘आपल्या माणसांना आपला आवाज ऐकवा. अडखळणं ऐकलं की ओळख पटेल. त्याची नक्कल चोराला जमायची नाही.’

म्हणजे फोन. आम्ही! फोन हा तर आमचा जन्माचा वैरी. दाताच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला मी दोन बस बदलून जाते, पण फोन लावत नाही.

सोमवार, ९

लावला!!

पहिला क्रेनवालीला. इमारतींच्या कामावर क्रेन चालवते, आमच्यातली सगळ्यात दणकट बाई. तिनं ‘हॅलो’ म्हटलं आणि माझा ‘सा’ घशात रुतून बसला. हलेना. तिकडे शांतता. ठेवला असणार फोन, असं वाटलं. आणि मग ती खो-खो हसली. “सा-सावकाश ना? अगं बोल निवांत! मी चाळीस मीटर वर बसलेय, मला कुठं जायचंय!”

रडले. हसले. परत रडले. वहिनीनं विचारलं काय झालं, तर सांगताच येईना.

क्रेनवालीनं दहा नंबर मागून घेतले. म्हणजे एकेकानं दहा-दहा! सुचलं कसं नाही मला?

मंगळवार, १०

आज खाटीककाकांना फोन. त्यांनी उचलला, मी अडकले. ते नियमाप्रमाणे थांबले. मग माझं नाव सांगून झालं, आणि त्यांची बोलायची पाळी. ते अडकले. मी थांबले. छान, नियमात. थांबले, थांबले... अकरा मिनिटं! शेवटी पाहिलं तर फोन कधीच तुटलेला. परत लावला, तर तेही तिकडे आपलं वाक्य संपवून फोन कानाला लावून बसलेले! “म-मला वाटलं ताई मोठं वाक्य बोलतायत,” म्हणाले. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती त्यांची.

दुसरं कुणी असतं तर दहा सेकंदांत ठेवला असता. आमचीच माणसं ही!

शुक्रवार, १३

एकतीस जण झाले.

एक मजा कळली. आमच्यात एक रंगारी आहे, परदेशातून आलेला, आमच्या भाषेत जेमतेम चार वाक्यं बोलतो. बैठकीत कायम गप्प. आम्हाला वाटायचं, लाजाळू आहे. त्यानं वहीच्या पानांचे फोटो मागितले, नावं चाळली, आणि त्याच्या भाषेची नऊ माणसं शोधून काढली! नऊ जण चार वर्षं त्यांच्या भाषेची वाट बघत ताटकळत बसले होते, आणि आम्ही स्वतःला मोठे थांबणारे समजत होतो. लाज वाटली. नव्या खोलीत त्यांच्या भाषेची बैठक वेगळी, शुक्रवारची. ठरलंच!

सोमवार, १६

सत्तेचाळीस. नऊ दिवस उरले. पाच जणांनी घेतलेले नंबर तसेच परत केले, ‘जमत नाही’ म्हणून. रागावू कुणावर? मी आज सकाळी तीनदा लावून तीनदा कापला.

दादा म्हणाला, “आण ती वही. अर्ध्या तासात सगळ्यांना लावून देतो.”

दिली. चुकलंच माझं. पण दमले होते.

मंगळवार, १७

दादानं चार फोन केले. काय ते बोलणं! लोण्यासारखं. ‘नमस्कार, सावकाश परिवारातर्फे बोलतोय...’ पहिल्यानं ठेवला. दुसरीनं ठेवला. तिसऱ्यानं पोलिसांत देईन म्हणून दम भरला. अगं बाई! इतकं सुरळीत बोलणारा आमचा कसा असेल?

पोट धरून हसले मी. मागच्या खोलीत, काचेच्या भुकटीत.

चौथा फोन आमच्यातल्या गणिताच्या मास्तरांना. त्यांनी मात्र ठेवला नाही. बराच वेळ दादा नुसता ऐकत होता. मग वही माझ्या टेबलावर ठेवून गेला. “काय म्हणाले मास्तर?” विचारलं. तर गिऱ्हाईक आलंय म्हणाला. पुढे कुणीही नव्हतं.

दुखावला असेल. दुखावू दे. एकदा तरी त्याच्या बोलण्यानं काही खपलं नाही!

गुरुवार, १९

दुपारच्या काचा दादा घासतोय. न सांगता येऊन बसला यंत्रापाशी, आणि मला म्हणाला, “तू फोन कर.” इतकंच. धार जरा ओबडधोबड काढतो, पण बोलायचं नाही!

अडुसष्ट.

रविवार, २२

ब्याण्णव! क्रेनवालीनं एकटीनं तेवीस आणले. तेही वरून, जेवणाच्या सुट्टीत. न्यायाधीश आणि खाटीककाका – गेल्या निवडणुकीपासून ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद – दोघांना चुकून एकच नंबर दिला गेला. त्या बिचाऱ्याला दोघांचेही फोन. मग दोघांचा एकमेकांना फोन, चूक कुणाची ते ठरवायला. पाऊण तास भांडले म्हणे. आमच्या वेगानं पाऊण तास म्हणजे साधारण आठ वाक्यं!

बुधवार, २५

एकशे सात!!! विणकामवाल्यांनो, माफ करा!

संध्याकाळी नव्या खोलीत पहिली बैठक. वाचनालयाच्या बाई खास हजर. मी स्वागत करायला माइक सुरू केला आणि ‘स्वा’वरच गाडी अडली. एकशे सात माणसं गप्प. बाई घाबरून विचारतात, “आवाज गेला का? यंत्र बिघडलं का?” आणि सगळे एकदम हसले. मग परत थांबले. माझं वाक्य माझ्याच तोंडून पूर्ण झालं. मग रंगाऱ्यानं त्याच्या भाषेत स्वागत केलं, अडखळत. एक अक्षर कळलं नाही, तरी सगळं कळलं.

इतकी खूश मी कधी होते, आठवत नाही.

उरलेले एकोणऐंशी आणायचेत. उद्यापासून.

गुरुवार, २६

दुकान बंद झाल्यावर दादा मागे आला. उभाच राहिला. म्हणाला, मास्तरांनी त्याला त्या दिवशी दोन मिनिटांत ओळखलं. अडणारा शब्द आला की तो चटकन दुसरा घेतो. लहानपणापासून. वहिनीलाही माहीत नाही. माझी वाक्यंही म्हणूनच संपवायचा – मी अडले की त्याच्याच घशात काहीतरी अडकायचं.

मग म्हणाला, “वहीत माझं नाव लि—” आणि थांबला. दुसरा शब्द घेतला नाही. मान वाकडी झाली, डोळे मिटले. आणि तो शब्द माझ्या अगदी जिभेवर! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला दादाचं वाक्य पूर्ण करता आलं असतं.

ओठ दाबून धरले आणि थांबले.