टप्प्यावरचं कुंकू

प्रिय रिबकाकाकू,

काल सहलीहून देवासला परतले. बॅग अजून तशीच पडली आहे. घरात कुणाला सांगवत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

आठवतं? शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाला होतात, "अलिबागकडे गेलीस तर तिथल्या खंडाळा गावच्या टप्प्याला जा ग. आमचे प्रेषित एलियाहू हन्नबी, त्यांचा रथ तिथं टेकला होता, खडकावर चाकांच्या खुणा आहेत. आम्हा ज्यू लोकांतलं कुणी भेटलं तर माझं नाव सांग. प्रार्थनेत घेतील."

आमच्या महिला मंडळाची कोकण सहल निघाली, तेव्हा मीच हट्टानं बस तिकडे वळवायला लावली. "भिया, यहीं रोको!" काय ऐटीत ओरडले मी!

खडकापाशी पोचलो आणि सुमनताईंनी पर्समधून कुंकवाची पुडी काढली. "देवाकडे खाली हाथ थोडी जायचं?"

मला ठाऊक होतं हो, काकू! तुमच्या देवाला रूप नाही, त्याला असलं काही वाहत नाहीत. आमच्याकडे हळदीकुंकवाला यायचात, तेव्हा तुम्ही फक्त वाण घ्यायचात. आईनं कधी कुंकवाचा आग्रह केला नाही. तिला जे कळत होतं, ते मला कळू नये?

मी गप्प राहिले. गप्प तरी कुठली! पुडी माझ्यापर्यंत आली आणि मीही चिमूटभर कुंकू त्या खुणांवर वाहिलं. चारचौघींत वेगळं कशाला दिसा, म्हणून.

तेवढ्यात एक कुटुंब मलिद्याचं ताट घेऊन आलं. त्यांच्यातल्या आजींनी खडक पाहिला. रागावल्या नाहीत. बाटलीतलं पाणी ओतलं, पदरानं पुसून घेतलं, आणि प्रार्थना झाल्यावर आम्हा सगळ्यांच्या हातावर मलिदा ठेवला. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. अगदी तुमच्या हातचा!

"कुठल्या तुम्ही?"

"देवासच्या."

"हो? तिकडे आमच्यातलं कुणी होतं का हो?"

त्यांच्या पदरावर लाल डाग होता. माझ्या तोंडात मलिदा होता. मी म्हणाले, "नाही बाई, माहीत नाही."

काकू, ज्या एका कामासाठी गेले होते, तेच टाकून आले. भर दुपारी, तुमचं नाव गिळून! रागावा ना माझ्यावर.

मी परत जाईन. मंडळाबरोबर नाही, एकटी. मलिदा घरून करून नेईन. जो कुणी भेटेल त्याला आधी तुमचं नाव सांगेन, आणि मग हेही, की इथं कुंकू वाहणाऱ्यांत मीही होते.

तुमची म्हणवायला जीभ रेटत नाही, तरीही तुमचीच,
माधुरी