सुगतला गाडी कळते

५ मे १९७४, रविवार. दौंड

जायचं ठरलं! माझं कोण ऐकतंय. परवा सकाळी निघायचं — वडगाव रासाईला, सासूबाईंकडे. आठ तारखेपासून रेल्वेचा संप. ह्यांचं म्हणणं, संप सुरू झाला की कॉलनीत पोलीस येतील, क्वार्टर खाली करा म्हणतील, अशा वेळी तान्हं पोर घेऊन तू इथं नको. मी म्हटलं, मग तान्हं पोर घेऊन नदी ओलांडू? तर हसले. सारं गाव ओलांडतं म्हणे, तूच काय एवढी नाजूक.

सुगत सात महिन्यांचा. मला आई नाही, त्यामुळे माहेरचं बाळंतपण नाही. जन्मला इथंच, रेल्वेच्या दवाखान्यात. तेव्हापासून कॉलनीचं फाटक ओलांडून कधी बाहेर गेलेला नाही. ऊन, एस.टी.तली गर्दी, कुणाचा खोकला, कुणाचा गोवर, आणि वर ती नदी! मी भित्री भागूबाई आहे हे साऱ्या कॉलनीला ठाऊक आहे.

सुगत मात्र माझ्यावर गेलेला नाही. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे यार्ड. इंजिनाच्या शिट्टीनं भलेभले पाहुणे दचकून उठतात, हा ढाराढूर! आणि जागा असला तर गाडी येतेय हे आमच्याआधी ह्याला कळतं. फरशीवर पालथा पडून खेळत असतो, एकदम थांबतो, मान वर करतो, हसतो. आम्हाला काहीच ऐकू येत नाही. मग घटकेनं धडधड सुरू! शेजारच्या धुरपदाबाई मुद्दाम बघायला येतात. त्यांचे मालक पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे, त्यांना गाड्यांच्या वेळा पाठ. पण म्हणतात, "टाइमटेबलापरास तुमचं प्वार खरं हाय." ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. इंजिनावरच्या फायरमनचं पोर, पोटातूनच शिकून आलंय, असं शेडमध्ये सगळ्यांना सांगून झालंय.

६ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. कॉलनीतल्याच विहारात वंदनेला गेलो. सुगतला पांढरं झबलं घातलं होतं, त्यावर खीर सांडली. सगळे हळू आवाजात संपाचंच बोलत होते. कुणाकुणाला आधीच उचललंय म्हणे. मी बुद्धापुढं डोळे मिटले आणि सरळ मागणं मागितलं — ह्यांना नेऊ नका, पोर आजारी पाडू नका. तिथं असं काही मागायचं नसतं, कळतं मला. पण मागितलं.

७ मे, मंगळवार. वडगाव रासाई

पोचलो. जिवंत.

केडगावपर्यंत एस.टी. मी सुगतला पदराखाली असा घट्ट धरला होता की शेजारची बाई म्हणाली, अगं त्याला वारा लागू दे, गुदमरंल. पुढं बैलगाडी. मग नदी. उन्हाळ्यात उतारातून चालत जाता येतं असं हे म्हणाले होते. पण वरून पाणी सोडलेलं, उतार बंद. होडी पलीकडं दुरुस्तीला काढलेली. मग काय, काहील! गूळ करायची ती भलीमोठी कढई. गुऱ्हाळं बंद झाली की ती नदीवर आणतात. आपण आत उकिडवं बसायचं आणि दोन पोहणारे कड धरून ढकलत नेणार.

मी बसणार नाही म्हणाले. हे म्हणाले, मग इथंच काठावर राहा. बसले! काहील सरळ जात नाही, गरगर फिरते. कधी हा काठ समोर, कधी तो. मी डोळे मिटून पोराला उराशी धरलं. ह्यांनी एका हातानं मला धरलं होतं, तो हातही घामानं ओला होता, हे मी ओळखलं. मध्यावर आल्यावर पोहणाऱ्यानं पलीकडच्या माणसाला हाक द्यायला काहिलीच्या कडेवर काठी आपटली. ठण्ण! माझा जीव जायची वेळ आली. आणि सुगत? माझ्या मांडीवरून पाय खाली सोडून त्यानं काहिलीच्या तळाला लावले होते, तो खदखदून हसला. पोहणारा म्हणाला, "ह्यो तर नावाडी हुनार." हे लगेच म्हणाले, न्हाई, ड्रायव्हर.

८ मे, बुधवार

हे परत गेले. मी पाय धरायचे बाकी ठेवले. "मानसं तिकडं लडत्यात आन् मी हितं आईच्या हातची भाकर खात बसू?" एवढंच बोलले आणि सुगतचा पापा घेऊन निघाले. दगडावर उभी राहून काहील पलीकडं लागेपर्यंत बघत होते.

आज गाड्या बंद झाल्या असतील. इथं तशाही कुठं आहेत म्हणा. काय शांत आहे हे गाव!

१० मे, शुक्रवार

सुगत किरकिर करतोय. झोप नाही. सासूबाई म्हणतात जागा बदलली. दीर ज्ञानदेव म्हणाले, "वैनी, गाडीबिगर त्येला करमंना." सगळे हसले, मीही हसले.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी देव नदीत सोडले, स्वतःच्या हातानं. मी म्हटलं, आत्याबाई, हे चालतं का? तर म्हणाल्या, "ह्यात द्येव कुठं हाय? ह्ये मिठाचं हाय." सासूबाईंशी, म्हणजे सोजरबाईंशी, वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

दौंडची काही खबर नाही.

१३ मे, सोमवार

आज एक झालं. लिहू की नको असं दिवसभर चाललंय.

ओसरीवर दोन्ही मुलं निजवली होती — सुगत आणि जाऊबाईंची पोर, ती ह्याच्याहून महिन्यानं लहान. दोघं जागी, आपापले पाय चोखत होती. चांगुणा, माझी जाऊ, पाण्याची घागर घेऊन आली आणि अंगणातल्या दगडावर ती तिच्या हातातून सुटली. तांब्याची घागर, केवढा आवाज! कोंबड्या उडाल्या. चांगुणाची पोर दचकून किंचाळायला लागली. सुगत पाय चोखत राहिला.

"किती धीराचं लेकरू बाई," चांगुणा म्हणाली. मी पण म्हटलं, हो ना, इंजिनांत वाढलाय. मग भाकरी थापायला बसले आणि थापता थापता हात थांबला. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. भिऊ नये, बरोबर. पण बघू तरी नये?

१४ मे, मंगळवार

त्याच्या मागं उभं राहून टाळी वाजवली. वळला नाही. खेळात होता.

पुन्हा वाजवली. वाजवायलाच नको होती.

१६ मे, गुरुवार

मांडीवर थोपटत, अंगाई म्हणत मी त्याला रोज निजवते. आज मध्येच गाणं बंद केलं, थोपटणं चालू ठेवलं. निजला. उठल्यावर, दुपारी, पुन्हा तेच, पण उलटं. थोपटणं बंद, गाणं चालू. अगदी कानाशी तोंड नेऊन म्हणत होते. तो चुळबुळला, माझा हात शोधायला लागला आणि रडला. हात ठेवला तसा गप्प.

सात महिने मी कुणाला गाणं म्हणत होते?

नाही. असं लिहायचं नाही. तो गाडी ओळखतो! आमच्याआधी ओळखतो! कान नसते तर कशानं ओळखली असती? हे मी स्वतःला शंभरदा सांगतेय. पोर थकलंय, ऊन आहे, जागा नवी आहे.

१९ मे, रविवार

सुगत आपला आपण बसला! उशी न लावता. सासूबाईंनी गूळ वाटला. मला आनंद झाला आणि त्याच दमात वाटलं, हे इथं असते तर. ज्ञानदेव भावोजी शिरूरला जाऊन आले. दौंडला पुष्कळ जण धरले म्हणे, नावं कुणाला ठाऊक नाहीत. एक भीती बाजूला ठेवावी तर दुसरी तिच्या जागी येऊन बसते.

२१ मे, मंगळवार

सासूबाईंना सांगितलं. राहवेना. गहू निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "सात म्हैन्याच्या लेकराची कसली परीक्षा घ्येतीस? त्येचा बा पन आसाच थंड हुता." थोड्या वेळानं पाहिलं तर सूप बाजूला ठेवून त्या सुगतच्या मागं उभ्या होत्या आणि हळूच त्याला हाक मारत होत्या. मी पाहतेय हे कळल्यावर पदर सावरून आत गेल्या.

२३ मे, गुरुवार

आज काहीच करून पाहिलं नाही. कळेल, याचीच भीती वाटते.

२८ मे, मंगळवार

संप मागे घेतला! सोसायटीतल्या रेडिओवर सांगितलं. ह्यांचा पत्ता नाही.

३० मे, गुरुवार

आले! दाढी वाढलेली, गाल बसलेले, पण आले. पोलीस दोनदा क्वार्टरवर येऊन गेले होते. हे नव्हतेच, मळ्यामळ्यातून राहिले. सुगतनं ह्यांना लांबून ओळखलं आणि दोन्ही हात पसरले. तोंडानं नाही, पण डोळ्यांनी केवढं बोलतो हे पोर.

जेवण झाल्यावर मी सगळं सांगितलं. घागर, टाळी, गाणं. ह्यांचा चेहरा पाहवेना. आधी हसले, मग आवाज चढला. "माझ्या पोराला भैरा म्हन्तीस?" मी म्हटलं, नाही म्हणत, भीती वाटते. दवाखान्यात दाखवू या. "आन् गाडी कशानं वळकतं? सारी कॉलनी साक्षीला हाय. कानाबिगर गाडी वळकतं व्हय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर नसल्याचाच आनंद झाला. मी हरायला एका पायावर तयार होते.

१ जून, शनिवार. दौंड

परत आलो. पुन्हा तीच काहील, तीच गरगर. या वेळी भीतीच वाटली नाही. मन दुसरीकडंच होतं.

दुपारी घरात पाय ठेवला, फरशी पुसली, सुगतला खाली बसवलं. हे भिंतीला टेकून बसले. आम्ही दोघं वाट बघत होतो. परीक्षेच्या निकालाला बसावं तसे! सुगत डब्याच्या झाकणाशी खेळत होता. मग एकदम थांबला. झाकण सोडलं. मान वर केली. आणि हसला!! आम्हाला तेव्हा काहीच ऐकू आलं नव्हतं. देवाशपथ — नाही, कुणाचीही शपथ — काहीच नाही. मग धडधड आली, सोलापूरकडची मालगाडी, भांडी वाजायला लागली.

हे उठून उभे राहिले. पोराला उचललं आणि माझ्याकडं पाहिलं. डोळे भरले होते. मी तर मोठ्यांदा रडले. धुरपदाबाई धावत आल्या, काय झालं म्हणून. त्यांचे मालक अजून कामावर घेतलेले नाहीत, तरी बाई आमच्या आनंदात हसल्या. मूर्ख मी, मूर्ख! अठरा-वीस दिवस स्वतःचं रक्त आटवलं.

५ जून, बुधवार

ह्यांना कामावर घेतलं. उद्यापासून यार्डात डबे हलवणाऱ्या शंटिंगच्या इंजिनावर. रात्री शिरा केला. अंगाई मोठ्यानं म्हटली.

९ जून, रविवार

आज ड्रायव्हरसाहेबांना सांगून ह्यांनी मुद्दाम इंजिन आपल्या मागच्या लाइनीवर उभं करून घेतलं. मला कालच सांगून ठेवलं होतं — पोराला मागच्या दारात बसव, बापाची शिट्टी ऐकू दे.

बसवलं. तो माझ्याकडं तोंड करून झाकणाशी खेळत होता. इंजिन त्याच्या पाठीमागं, अंगणापलीकडं, नुसतं उभं. हे वरून वाकून बघत होते. शिट्टी दिली. लांब, कानठळ्या बसवणारी. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. धुरपदाबाईंचं मांजर पळालं. सुगत झाकण चाटत होता. पुन्हा दिली. तो झाकणच चाटत होता.

मग इंजिन हललं. माझ्या तळपायाखाली फरशी थरथरली. सुगतनं झाकण टाकलं, दोन्ही तळवे फरशीवर टेकले, मान वर केली आणि खदखदून हसला.

ह्यांनी मान वर झालेली पाहिली, शिट्टीनंच असं वाटलं असणार. डोक्याचा रुमाल सोडून हवेत हलवायला लागले, ड्रायव्हरसाहेबांना ओढून दाखवायला लागले. मीही हात हलवला. इंजिन पार सिग्नलच्या केबिनपर्यंत जाईतो हलवत राहिले.

ह्यांची ड्यूटी सहाला सुटते. फरशीचं तेव्हा सांगायचं.