मामांचा एप्रिल आणि सुचिताचा मे

मोताळा, एप्रिलअखेर
(ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून लिहिली आहे.)

तीर्थरूप मामांच्या पायी गोकुळचे दंडवत. आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? फेटा बांधून, टेम्पोभर माणसे घेऊन भर उन्हात केलेल्या त्या फेरीने तो जास्त दुखावला नसेल, अशी आशा. तुम्ही फोन घेत नाही आणि मामी घेऊन लगेच ठेवून देतात, म्हणून पत्र.

मामा, तुमच्या भाचीचे, सुचिताचे लग्न उरकलेले नाही. ते बारा मेला आहे. मी कॉम्प्युटरवर केलेल्या पत्रिकेत १२/४ दिसले, कारण आमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. तारीख दाखवताना त्यात एक मिळवायचा असतो, तो मी मिळवला नाही. (दिवस मात्र एकापासूनच मोजतात. हा कुठला न्याय, ते चार वर्षे नोकरी करूनही मला कळलेले नाही.) आबांना हे समजावले तर म्हणाले, "तुह्या मशिनीले जानेवारी दिसतच नाई काय बे?" त्यांनी पत्रिका तपासली होती, पण लुकलुकणाऱ्या गणपतीतच ते रमले. बाकीच्यांना त्यांनी तारीख तोंडी सांगितली. तुम्ही घरचे, म्हणून तुम्हाला नुसती लिंक. पहिली पत्रिका अक्षता घेऊन मामाच्या घरी न्यायची असते, हे आई सांगत होती. आता जमाना बदलला, असे मीच तिला ऐकवले.

बारा एप्रिलला तुम्ही आलात त्या दिवशी आम्ही खामगावला बस्ता बांधायला गेलो होतो. शेजारच्या केसरबाईंनी "लगनासाठीच गेले ना सारे खामगावले" असे सांगितले, यात त्यांचा दोष नाही. तुम्हाला वगळून पोरीला उजवले असे तुम्हाला वाटले, यात तुमचाही नाही. मला फार वाईट वाटते, मामा. सुचिता तर रडून म्हणते, मामाने हात धरल्याशिवाय मी मांडवात पाऊल ठेवणार नाही.

तुमचा भाचा,
गोकुळ

ता. क. चूक दुरुस्त केली आहे. पण घाईत तो 'एक' दोन वेळा मिळवला गेला, त्यामुळे पत्रिका सध्या जून दाखवते. ती उघडू नये.

आणखी ता. क. हे पत्र आईच घेऊन येत आहे, अक्षताही तिच्याचजवळ आहेत. "दादा हो म्हनल्याबिगर मी तिथून उठत नाई," असे बजावून ती निघाली आहे. मामा, तुमचा राग रास्त आहे, हवा तेवढा धरा, पण आईला आजच परत पाठवा. घर पाहुण्यांनी भरले आहे आणि स्वयंपाक आबा करत आहेत.