कोन्या गावचे जी तुमी?

बाबा, परवा मी एका गोऱ्या म्हाताऱ्याला त्याचं गाव विचारलं आणि माझी नोकरी वाचली. तुम्ही असता तर तोंडातलं पान सांभाळत हसला असता.

इथे इंग्लंडात एका लहान शहरात, दातांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते. दात दुखणारा माणूस आधीच चिडलेला, त्यात समोर माझ्यासारखी परदेशी बाई. कोणी म्हणतं, तुझं बोलणं समजत नाही, दुसऱ्या कोणाला बोलव. कोणी मी बहिरी असल्यासारखं हळूहळू आणि ओरडून बोलतं. तुमचा शांतपणा माझ्यात कुठून येणार? मी आईवर गेले. दोनदा फाडकन बोलून मोकळी झाले, तेव्हा आमच्या मॅनेजरबाईंनी बजावलं की तिसऱ्यांदा भांडलीस तर घरी बस. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की गाशा गुंडाळायचा.

मग मला बाभुळगावचं कापूस खरेदी केंद्र आठवायला लागलं. तुम्ही तिथे ग्रेडर. त्या वर्षांत भाव असे पडलेले की माणूस घरूनच जळत यायचा. गाड्यांची रांग फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत, आणि लोक गाडीखाली झोपून. तुम्ही मूठभर कापूस उपसता, बोटांनी धागा ओढून बघता, दुसरी ग्रेड म्हणता, आणि समोरचा तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तुम्ही सगळं ऐकून घेता आणि विचारता, "कोन्या गावचे जी तुमी?" झालं! त्याच्या गावात तुमची एखादी मावसबहीण दिलेली असते, नाहीतर त्याचा साळा पुसदला तुमच्या वर्गात असतो. ग्रेड काही तुम्ही बदलत नाही, पण तो चहा पिऊनच जातो. एवढं काहून ऐकून घेता, असं मी एकदा विचारलं तर मलाच रागावलात. "तीन दिवसापासून उपाशी-तापाशी बसून हाये तो. भाव पाडनारा त त्याले दिसत नाई, मी दिसतो. मंग कोनाले बोलन?"

हे आठवून मी आधी बसमध्ये प्रयोग केला. माझी पिशवी पायाने ढकलून पुढे घुसणाऱ्या बाईला गोड आवाजात विचारलं, तुम्ही कुठल्या गावच्या, घरी कोण कोण असतं? ती घाबरून ड्रायव्हरजवळ जाऊन उभी राहिली. इथे घरचं विचारणारा माणूस लोकांना चोर वाटतो.

परवा तो म्हातारा आला. गाल सुजलेला, डॉक्टरांना उशीर झालेला. काउंटरवर हात आपटून म्हणाला, "तू मूळची कुठली? तिथेच का नाही राहिलीस?" मॅनेजरबाई मागेच उभ्या. माझ्या जिभेवर अस्सल वऱ्हाडी उत्तर तयार होतं. ते गिळलं आणि सांगत सुटले: जिल्हा यवतमाळ, राहणार बाभुळगाव, आईचं माहेर पुसद, आत्या उमरखेडला दिलेली. मग विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या गावचे?" तो गडबडला. मग सुजल्या गालाने त्याच्या खेड्याबद्दल बोलायला लागला. मेंढ्या, पाऊस, बायको तिथलीच, आता नाही. डॉक्टरांनी हाक मारेपर्यंत थांबलाच नाही. माफी वगैरे काही मागितली नाही, पण जाताना म्हणाला, पुढची वेळ तूच दे. मॅनेजरबाईंनी स्वतः चहा करून दिला आणि विचारलं, हा धीर कुठून आणलास? वडिलांकडून, मी ताठ मानेने सांगितलं.

त्यांना एक सांगितलं नाही. मी सातवीत असताना आईने तुमचा डबा देऊन मला केंद्रावर पाठवलं होतं, सोबत दोन मैत्रिणी. फाटकात पोचलो तर एका माणसाने तुमची कॉलर धरलेली, आणि सगळे बघून राह्यलेले. एक मैत्रीण म्हणाली, थे तुहे बाबा होय ना? मी म्हटलं, "नाई, दुसरेच हायेत." आणि परत फिरले. डबा आम्ही तिघींनी शाळेमागे बसून खाल्ला. रिकामा डबा घरी नेऊन आईला सांगितलं, बाबा जेवले. संध्याकाळी आईने तुम्हाला विचारलं, वांग्याची भाजी कशी झालती? तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "मस्त झालती."

तुम्ही मला फाटकात पाहिलं होतं का, हे मी कधीच विचारलं नाही. आज तुम्ही असता, तरी हे पत्र मी टाकलं नसतं.