आधी झाकण, मग हार

आबा,

तुमच्या नातीचा उजवा हात मोडलाय. घाबरू नका, बाकी धडधाकट आहे, तोंड तर आधीपेक्षा जास्त चालतंय. ताम्हिणी घाटाच्या उतारावर तिची मोटारसायकल ब्रेक न लागल्यामुळं गटारात गेली. का लागला नाही, ते अख्ख्या घरात फक्त मला माहीत आहे, आणि ते तिला सांगायचं माझ्याच्यानं होत नाहीये. तुमच्या मुलाला सांगावं तर तो आधी माझ्यावर ओरडेल आणि मग स्वतःच डोळे पुसत बसेल, तुम्हाला त्याचा स्वभाव ठाऊकच आहे. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, पण गॅरेजातलं काही अडलं की आधी सासऱ्याला विचारायचं, ही माझी खोड काही जात नाही.

मी या धंद्यात आले ती ब्रेक दाबायला. लग्न होऊन आले तेव्हा घोटावड्याच्या रस्त्याला आपलं गॅरेज म्हणजे पुढची पडवी, वर पत्रा आणि आत एकटे तुम्ही. तुमचा मुलगा कारखान्यात शिफ्टला. डिस्क ब्रेकमधली हवा काढायची तर दोन माणसं लागतात. एकानं वर हँडलचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली चाकाशी बसून नट सैल करायचा आणि तेल सोडायचं. एक दिवस तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. माझे दोन्ही हात पिठात. "सूनबाई, हात धू आन् जरा भायेर ये. ब्रेक दाबायचाय." सासूबाई कडाडल्या, "आता सुनंला गाडीखाली घालता व्हय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "खाली मी हाय. तिला वर हुबी करतुया." मी पदर खोचून उभी राहिले आणि तुम्ही खालून हुकूम सोडायला लागलात. "दाब. धर. धर म्हनलं ना! आता सोड." आठदहा वेळा झालं. आधी पोचट लागणारा ब्रेक हळूहळू हाताला कडक लागायला लागला. "काय कळलं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "आता भरला." तुम्ही वर बघून एवढं मोठं हसलात! "हेच कळाया लागतंय. पाने काय, कुनीबी फिरवतंय." समोरच्या टपरीवरचे चारपाच जण मान वाकडी करून बघत होते. त्यातला एक बोललाच, "आबा, सून मेकॅनिक केली का काय?" तुम्ही हात पुसत म्हणालात, "तिच्या हाताला कळतंय. तुज्या डोक्याला न्हाई कळायचं." त्या दिवशी पोळ्या करपल्या, पण मला काही वाटलं नाही.

ब्रेक ऑइल का बदलायचं, हे मात्र तुम्ही मला माझ्याच ओट्यापाशी शिकवलंत. श्रावणातले दिवस. तुम्ही मिठाची बरणी उघडून माझ्यापुढं धरलीत. "हे पानी कुनी वतलं?" मी म्हटलं, कुणी नाही, सुटलंय. "सुटलं कुटनं? हवेतलं ओढलं त्यानं. ब्रेक ऑइल तसंच. बाटली उघडी ऱ्हायली की पानी पितंय, गाडीतबी हळूहळू पितंय. आन् आपल्या मुळशीत पावसाळ्यात हवा म्हंजे निम्मं पानीच. मग लांब उतारावर डिस्क तापली का आतलं पानी उकळतंय, त्याची वाफ व्हतीय. वाफ दाबून चाक थांबत न्हाई, बाई. ब्रेक हँडलला जाऊन टेकतुया आन् गाडी जातीय तिच्या मनानं." पुढं मी पौडला गाड्यांच्या कंपनीच्या ट्रेनिंगला गेले. तिथल्या साहेबानं पडद्यावर तक्ते दाखवून तासभर हेच सांगितलं. मी मागं बसून मनात म्हणत होते, मिठाची बरणी दाखव की बाबा, पाच मिनिटांत सुट्टी होईल.

एवढं शिकवूनही मी एकदा गाढवपणा केलाच. गिऱ्हाईक घाईत होतं आणि नवी बाटली फोडायला नको म्हणून मी फळीवरची महिन्याभरापूर्वी उघडलेली बाटली घेऊन तेल भरलं. तुम्ही पाहिलंत. ओरडला नाहीत. गिऱ्हाइकाला बसायला सांगितलंत, सगळं तेल माझ्याकडून काढवलंत, नवी बाटली फोडून पुन्हा भरवलंत. आणि मग तीन दिवस मला अहो-जाहो केलंत. "अहो, जरा पाना देता का?" "अहो बाई, चहा घेतलात का?" सासूबाई पदरात तोंड घालून हसायच्या. मला मात्र रडू यायचं. चौथ्या दिवशी तुम्ही आतून हाक मारलीत, "ए सूनबाई, कुटं मेलीस?" आणि माझ्या जिवात जीव आला.

आणि तुमचा दसरा! गाव सगळं गाड्या धुऊन, झेंडूचे हार घेऊन दारात उभं, आणि तुम्ही कुणाला हार घालू देत नव्हता. "आधी झाकन, मग हार." हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडायचं, तेलाचा रंग बघायचा, चहासारखं काळं दिसलं तर गाडी बाजूला. नवी कोरी गाडी आणणाराही रांगेत. एका पुढाऱ्याच्या पोरानं तोंड वाकडं केलं तर म्हणालात, "हाराला ब्रेक न्हाई लागत." लोक कुरकुरायचे, पण यायचे तुमच्याकडंच. तुमच्या हातून गेलेली गाडी म्हणजे बिनघोर गाडी, असं अजून पार नांदे गावापर्यंत म्हणतात. तुमच्या माघारी तो दसरा मी तसाच चालवते.

एबीएस तुम्ही एकदाच पाहिलंत. हिंजवडीतल्या कंपनीतला एक साहेब महागडी गाडी घेऊन आला होता. तुमची पासष्टी उलटलेली, गुडघे दुखत होते, तरी त्या गाडीपुढं उकिडवे बसून चाकावरच्या भोकाभोकांच्या चकतीवर टॉर्च मारत होतात. "ही चाळन कशापायी?" त्यानं समजावलं, चाक अडकून घसरायला लागलं की यंत्र आपोआप ब्रेक धरतं आणि सोडतं, धरतं आणि सोडतं. तुमचा विश्वास बसेना. तुम्ही त्याची गाडी मागून घेतलीत, शाळेच्या ओल्या मैदानावर नेलीत आणि कचकन ब्रेक दाबलात. मी डोळे मिटले. उघडले तर गाडी सरळ उभी आणि तुम्ही हसताय. "अगं, हाताला गुदगुल्या करतंय ह्ये!" तीनदा करून पाहिलंत. परत आल्यावर मात्र गंभीर होऊन म्हणालात, "लई हुशार हाय. पर तेल तेच. तेलात पानी गेलं का ह्याची बारीक भोकं पयली गंजनार, आन् मंग ही हुशारी काय कामाची?" आता दारात येणारी दर दुसरी गाडी एबीएसवाली असते, पिवळा दिवा पेटलेला असतो, आणि मी डबीचं झाकण उघडते तर आत तुम्ही सांगितलं तेच. किती बरोबर होतात हो तुम्ही. नुसतं एकदा बघून!

पण आबा, या पंधरा दिवसांत मला सारखा आठवतोय तो नांद्याचा दूधवाला. तो पडला, कॅन सांडले, गुडघा फुटला. सगळे म्हणाले, वळणावर खडी होती. गाडी आपल्याकडं आली तेव्हा तुम्हाला दिसलं की ब्रेकच्या नळीला तुम्ही जुनाच वायसर परत लावला होता आणि तिथून तेल गळून गेलं होतं. कुणाला कधी कळलं नसतं. तुम्ही धुतलेली टोपी घातलीत, मला स्कूटरवर मागं बसवलंत आणि नांद्याला जाऊन त्याच्या भरल्या घरात सांगितलंत, "खडी न्हवती. चूक माजी हाय." त्याच्या म्हातारीनं तुमचा मुडदा बसवला, सात पिढ्या काढल्या. मी लाजेनं अर्धी झाले. तुम्ही मान खाली घालून सगळं ऐकून घेतलंत. येताना म्हणालात, "चल, शिव्या खाल्ल्या, आता भाकरी गोड लागंल." त्या म्हातारीनं पुढं तिच्या दोन्ही जावयांच्या गाड्या आपल्याकडंच पाठवल्या, पण तुम्ही काही त्यासाठी गेला नव्हतात. मी त्या दिवशी मनात म्हटलं होतं, बाप असावा तर असा.

आणि आता माझं ऐका. पोरीनं गाडी घेऊन चार वर्षं झाली. चार दसरे मी त्या गाडीला हार घातला, आणि चारही वेळा झाकण उघडलं नाही. घरचीच गाडी, लोकांच्या आटपू देत, मग बघू. लोकांच्या आटपायच्या तोवर जेवायची वेळ व्हायची आणि ती गाडी घेऊन मैत्रिणींकडं पळालेली असायची. गेल्या पावसाळ्यात ती म्हणाली, आई, तेल कमी दिसतंय, तेव्हा मी उभ्याउभ्या फळीवरच्या उघड्या बाटलीतलं ओतलं. हो, उघड्या. बोला आता अहो-जाहो. त्या रविवारी ती मैत्रिणीला मागं बसवून ताम्हिणी उतरत होती. ब्रेक स्पंजासारखा झाला आणि हँडलला टेकला. तिनं प्रसंग ओळखून गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. मैत्रिणीला नुसतं खरचटलं. दुसऱ्या बाजूला काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, मला ते लिहवत नाही. गाडी टेम्पोतून घरी आली. पडवीत कुणी नसताना मी झाकण उघडलं, तर आत कोरा चहा. तुमच्या मुलानं विचारलं, काय झालं असेल गं? मी म्हटलं, खडी असेल वळणावर.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही आणि मी ते कुठं टाकणारही नाही, म्हणून राहिलेलं एवढंही लिहून टाकते. काल दुपारी मी तिची वेणी घालत होते, एका हातानं तिला जमत नाही. वेणी पुरी व्हायच्या आत सांगायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. तेवढ्यात पाठमोरी तीच म्हणाली, "आई, एक सांगू? चिडू नकोस. तो एबीएसचा पिवळा दिवा दोन महिने पेटत होता. सारखा डोळ्यांवर यायचा म्हणून मी त्यावर टिकली चिकटवली होती. तुला सांगितलं असतं तर तू गाडी ठेवून घेतली असतीस. माझ्यामुळं झालं सगळं. सॉरी." आबा, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. दिवा तिनं झाकला, पण तेल माझं होतं, आणि हे सांगायला याच्याहून सोपी वेळ मला परत मिळणार नव्हती. मी वेणीला रबर लावलं, तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "जाऊ दे. परत असं करू नकोस." ती वळून मला बिलगली, आणि मी तिला माफ केलं.