टाकी रिकामी ठेवू नये

मी, ज्ञानेश्वरी शहाजी निकम, वय चोवीस, बेलापूरच्या एका वकिलांकडे टायपिस्ट, राहणार जुईनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मी शुद्धीवर आहे, तब्येत ठणठणीत आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. जे आहे ते लिहू नये म्हणून आहे. मरायची मला घाई नाही.

कारण असे. आई सध्या रहिमतपूरला आहे. उद्या सकाळी मी वडिलांची राजदूत मोटारसायकल स्वतः चालवत तिकडे नेणार आहे, आईला गाडी दाखवायला. हे कळल्यावर माझे चुलते बाबासो, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, सोसायटीच्या गेटात सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीच्या जातीनं घाटातनं फटफटी दामटायची? मेलीस तर मागचं कोण निस्तरणार?"

"लिहून ठेवते, आप्पा," मी म्हटले. ते हे.

१. पोस्टातली बचत आणि माझे दागिने आईला, मुक्ताबाई यांना. घर तिच्याच नावावर आहे. त्यात कोणी लुडबुड करू नये.

२. राजदूत आईच्या संमतीने माझ्या नावावर झाली आहे. वडील गेल्यावर आप्पांनी ठरवले की वर्षश्राद्धापर्यंत गाडीला हात लावायचा नाही. ती जिन्याखाली उभी केली, हार घातला. पेट्रोलजवळ उदबत्ती नको म्हणून टाकी तेवढी रिकामी करवली. खाडीची दमट हवा वर्षभर त्या रिकाम्या टाकीत बसून राहिली. झाकण उघडले तेव्हा आत गंजाचे पापुद्रे सुटले होते. आप्पा रोज हार बदलत होते, हे मी विसरलेले नाही. पण टाकी त्या मानपानानेच खाल्ली, हेही लिहिणे भाग आहे.

मग त्यांनी ऐरोलीचे गिऱ्हाईक आणले. "नवी टाकी बसवू आन इकून टाकू. ही घाल भंगारात." याच टाकीवरच्या धुळीत वडिलांनी माझे बोट धरून मला अक्षरे गिरवायला शिकवली. शाळा नंतर आली. मी नाही म्हटले.

आत नटबोल्ट घालून टाकी हलवली, लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजत ठेवली. गंज निघाला तशी बुडाची भोके दिसू लागली. "बघ," आप्पा म्हणाले. मी ती तुर्भ्याचे वेल्डर कृष्णात सुतार यांच्याकडे नेली. त्यांनी हुंगली आणि परत दिली. "ताई, आत वास हाय अजून. ज्योत लावली तर उद्या आपन दोघं हारात."

धुवत राहिले. गॅस बंद केला का हे बघायला मी जिना उतरून पुन्हा वर जाणारी. हे काम माझ्यासारखीचेच. वास गेल्यावर कृष्णातभाऊंनी टाकीत पाणी भरून, भोके वर करून पितळेचे टाके मारले. पेट्रोल भरल्यावर मी खाली वर्तमानपत्र अंथरले. सकाळी कोरडे होते. विश्वास बसेना म्हणून दुसरे अंथरले. तेही कोरडे.

३. ही राजदूत, दुरुस्तीचे पाने आणि किल्लीसह, आप्पांची मुलगी सुनयना हिला देते. ती जिन्याखाली लपून किक मारायला शिकते आहे, हे आप्पांना इथेच कळेल. तिच्या लग्नात गाडी जावयाला दिली असे कोणी म्हणायचे नाही. टाकी बदलायची नाही.

४. वर्षश्राद्धाच्या पंगतीत आईला ऐकू जाईल असे "मुलगा असता तर" म्हणणाऱ्यांना माझ्याकडून काही नाही. गाडीवर मागे बसणेही नाही.

५. माझे काही झाले तर गाडीला हार घालू नये. तेराव्याला सुनयनाने ती सुरू करावी आणि पामबीच रस्त्यावरून फिरवून आणावी. टाकी भरलेली असावी.

हा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. आप्पांनी कलम तीन आणि पाच खोडायला सांगितले. मी खोडलेले नाही.

ठिकाण: जुईनगर, नवी मुंबई
दिनांक: ११ जानेवारी १९९७

सही: ज्ञानेश्वरी शहाजी निकम

साक्षीदार:

बाबासो रामचंद्र निकम
(मजकूर मान्य नाही. सही तिनं माझ्यासमोर केली, एवढं खरं.)

कृष्णात धोंडिराम सुतार
(टाकी गळत नाही, हे पण खरं.)