मयुरीचे सोमवार

उधना, सुरत
४ जानेवारी २०२५

चि. मयुरी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला आठवतं का, अमळनेरच्या ओट्यावर तू माझ्याजवळ बसून पाढे म्हणायचीस आणि मध्येच पोट धरून आत पळायचीस? आजी कौतुकाने म्हणायची, पोर हुशार आहे, हिचं डोकं चाललं की पोटही चालतं. आम्ही हसायचो. पळता पळता तूही हसायचीस.

दादा म्हणतो, इथली साडी-डिझाइनची नोकरी तू नाकारणार. गेल्या खेपेला मुलाखतीला येताना सुरतेच्या अलीकडे कडोदऱ्यालाच बसमधून उतरून परत गेलीस. त्याला वाटतं, लेकीला सुरत आवडत नाही. वहिनीला वाटतं, तू फार देवभक्त झालीस, कधी सोमवार, कधी एकादशी, सारखे उपवास करतेस. मला मात्र ते पाढे आठवले.

फोनवर तू ‘बरी आहे’ एवढंच म्हणतेस. मी शिकवायचे त्या शाळेतल्या सिस्टर मुलांना म्हणायच्या, तोंडाने सांगवत नाही ते लिहून द्या. तर लिही.

तुझी वाट पाहणारी,
गायत्रीआत्या

अमळनेर
११ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू बरोबर ओळखलंस. माझा एकही उपवास खरा नाही. प्रवास असला की मी जेवत नाही, पोट रिकामं असलेलं बरं म्हणून. मग आई कौतुकाने साबुदाण्याची खिचडी करते, भरपूर दाण्याचं कूट घालून, आणि व्हायचं ते होतंच.

तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले आयबीएस, आतडं चिडकं आहे. बसमध्ये बसले की मन पुढे धावतं. बस थांबली नाही तर? मुलाखतीतून उठावं लागलं तर? की आलीच कळ. घरचे म्हणतात, अति हुशारीचं दुखणं. आत्या, थोडी मठ्ठ झाले तर बरी होईन का गं?

त्यांनी २७ तारखेला, सोमवारी, मुलाखतीला पुन्हा बोलावलंय. मी नाही म्हणून कळवतेय. रागावू नकोस.

तुझी,
मयुरी

उधना, सुरत
१७ जानेवारी

चि. मयुरी हिस,
अनेक आशीर्वाद.

मठ्ठ होऊन उपयोग नाही. मी गणितात दोनदा नापास झाले, तरी मलाही हेच दुखणं आहे.

माझ्या इथल्या डॉक्टरबाईंना तुझा प्रश्न वाचून दाखवला. त्या हसल्या. म्हणाल्या, माझ्याकडे मागावरचे कारागीर येतात तसे प्रोफेसरही येतात, हे दुखणं हुशारी बघून येत नाही. पण वाईटाचीच वाट पाहत एकच विचार घोळवायची सवय असली, की साधी कळही मोठी वाटते आणि आतडं आणखी चिडतं. ही सवय मोडता येते. औषधासोबत त्याचीही शिकवणी असते. मी जाते. तिथेही माझी प्रगती बेताचीच आहे!

तेव्हा नकार कळवू नकोस. रविवारी रेल्वेने ये, गाडीत सोय असते. सोमवारी मऊ भात खाऊन जायचं. मध्येच उठावं लागलं तर सांगायचं, दोन मिनिटांत येते. वर्गात शिकवताना मी तसंच करायचे. पोरं गोंधळ घालायची, एवढंच.

तुझीच,
गायत्रीआत्या

ता. क. शेजारचा आनंदा गावी येतोय, त्याच्याकडे पिशवी दिली आहे. घारीची मिठाई दादाला. साडी वहिनीला, पण उपवासांचं खरं सांगितल्यावरच. किल्ली तुला. ती माझ्या घराची आहे, नोकरी लागो न लागो, तुझ्याकडेच ठेव. आत आलीस की डाव्या हाताचं पहिलं दार संडासाचं. कोणाला विचारावं लागणार नाही.